उजवीकडची पट्टी

कमलेशनं बाळाचा ग्राफ काढला तो चांगल्या मनानं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणसाच्या हातात काहीच उरलं नाही की तो आपल्याला येतं ते करत बसतो. कुणी पोथी वाचतं, कुणी डॉक्टरच्या दारात उभं राहतं. कमलेश अंबरनाथच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये होता, आणि तिथं ग्राफ काढल्याशिवाय कुणी चहासुद्धा पीत नाही, असं त्याची आई भारती म्हणायची.

बाळ आलं दिवस भरायच्या फार आधी. कमलेशच्या बायकोला, मैत्रेयीला, सातवा नुकता लागलेला. डोहाळजेवणाची साडी अजून फॉल-पिकोवाल्याकडेच पडून होती. बीपी एकदम वर गेलं, ऑपरेशन करून बाळ काढावं लागलं, आणि उल्हासनगरात एका मुलांच्या हॉस्पिटलात ते काचेच्या पेटीत गेलं. किलोच्या जेमतेम वर. भारतीनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिच्या मनात आलं, साखरेची एक पिशवी आणि हा, वजनाला सारखेच. मग असं मनात आल्याची तिलाच लाज वाटली.

टाके सुकायला लागल्यावर मैत्रेयी खरवईला घरी आली. त्यांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टसाठी जागा सोडलेली होती, लिफ्ट नव्हती. त्या जागेत सगळ्यांच्या सायकली. डॉक्टरांनी सांगितलं, बीपी उतरेपर्यंत जिने नको, दगदग नको. म्हणजे पोर उल्हासनगरात आणि आई चौथ्या मजल्यावर. तिच्या वाट्याला एकच काम आलं, दूध. पंपानं काढायचं, उकळलेल्या बाटलीत भरायचं, बाटली बर्फाच्या डब्यात. डबा भारती न्यायची. ती उल्हासनगरातच, कॅम्प पाचला, जीन्सच्या एका कारखान्यात हिशेब आणि कॉम्प्युटर बघायची. नवरा गेल्यापासून तिथंच होती. कामावर जाताना आधी हॉस्पिटल. दारातल्या सिस्टरच्या हातात डबा द्यायचा, काचेतून एकदा बघायचं, आणि चप्पल घालायची.

कमलेश रोज फोन करून दोन आकडे विचारून घ्यायचा. बाळाचं वजन किती ग्रॅम, आणि एका वेळेला दूध किती मिली. दोन्ही एक्सेलमध्ये भरायचा आणि त्याचा ग्राफ घरच्या ग्रुपवर टाकायचा. वजनाची रेष निळी, दुधाची नारिंगी. निळी वर, हजाराच्या आसपास. नारिंगी खाली शून्यावर आडवी, फरशीला चिकटलेल्या केसासारखी. आत्या, मामा, वांगणीचे नातेवाईक, सगळे त्याच्याखाली हात जोडलेले टाकत. नीट बघितलं कुणी असेल असं वाटत नाही. बघितलं ते मैत्रेयीनं. तिला दिवसभर दुसरं होतं काय.

एका संध्याकाळी भारती घरी आली तर पंप ओट्यावर कोरडा, बाटल्या जाळीत पालथ्या.

“दुपारचं दूध काढलं नाहीस?”

“नाही.”

“दुखतंय का गं?”

“दुखतंय तर आहेच.” मैत्रेयी भिंतीकडे तोंड करून पडली होती. “पण कशाला काढायचं, आई? ते पाजतच नाहीत त्याला.”

“कोण म्हणालं?”

मैत्रेयीनं न वळता मोबाइल मागे धरला. “बघा ना. शून्य. पहिल्या दिवसापासून शून्य.”

“अगं, मी रोज माझ्या हातानं सिस्टरला देते. नळीनं घालतात. आधी एक मिली घालायचे, आता चार...”

“तुम्ही देता. पुढं ती बेसिनमध्ये ओतते का काय करते, तुम्ही थोड्याच बघता? तुम्हाला तर दारातून परत पाठवतात.”

तेवढ्यात कमलेश आला. बूट काढता काढता त्यानं ऐकलं आणि तिथूनच ओरडला, “अगं शून्य नाहीये ते! चार आहे. रेषेवर माउस नेलास की आकडा येतो.”

“मोबाइलवर कुठला माउस आणू?” मैत्रेयी म्हणाली.

“तसं नाही गं. वजन हजारात आहे ना. हजारापुढं चार काय दिसणार?”

त्याला धीर द्यायचा होता. पण बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण तो एक बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

“तेच म्हणतेय मी,” मैत्रेयी म्हणाली. “हजारापुढं काहीच नाही ते.” आणि तिनं चादर डोक्यावर ओढली.

भारती स्वयंपाकघरात गेली, कुकर लावला आणि कुकरकडे बघत उभी राहिली. ही अशी खाली पडलेली रेष तिच्या ओळखीची होती. कारखान्यात ती मालकासाठी, चंदूशेठसाठी, दर महिन्याला असाच ग्राफ काढायची. शिवून झालेल्या जीन्स हजारांनी, परत आलेला माल बोटांवर मोजण्याएवढा. परतीची रेष अशीच तळाला. चंदूशेठ खूश. सिंधी माणूस, भारतीला अदी म्हणजे ताई म्हणायचे. “ये नीचेवाली कौनसी है, अदी?” “परत आलेला माल, शेठ.” “वा साईं! सोयी पडी है. सोने दो, उठाना मत.” पण एका महिन्यात परतीचे गठ्ठे दाराशी येऊन पडले तरी रेष आपली झोपलेलीच, तेव्हा भारतीनं तिला उठवायचं कसं ते शोधून काढलं. कुणी शिकवलं नाही. राइट क्लिक करायचं आणि जे जे उघडेल ते दाबून बघायचं, हीच तिची शाळा. दाबता दाबता सापडलं: एका ग्राफला दोन पट्ट्या लावता येतात. मोठ्या आकड्यांची डावीकडे, छोट्यांची उजवीकडे, आपापली.

तिनं गॅस बारीक केला, हात पुसले आणि बाहेर आली. “कमलेश, तुझा लॅपटॉप दे.”

नारिंगी रेषेवर राइट क्लिक. फॉरमॅट. सेकंडरी ॲक्सिस. उजव्या कडेला नवीन पट्टी उभी राहिली, शून्यापासून दहापर्यंत, आणि रेष फरशीवरून उठली. एक, एक, दोन, तीन, चार. कुणी जिना चढावा तशी.

“आई, आमच्याकडे अशा दोन पट्ट्या चालत नाहीत हां,” कमलेश मागून हळूच म्हणाला. “साहेब म्हणतात, बघणाऱ्याचा गैरसमज होतो.”

“तुझ्या साहेबाचं पोर काचेत नाहीये,” भारती म्हणाली.

निळी रेषही थोडी बदलली होती. दुधाचे छोटे आकडे डाव्या पट्टीवरून निघाल्यावर कॉम्प्युटरनं ती शून्याऐवजी थेट हजारापासून धरली, त्यामुळे आतापर्यंत सपाट दिसणारं वजन एकदम उतारावरून घरंगळल्यासारखं दिसायला लागलं. भारती चपापली. पण अशी पोरं सुरुवातीला थोडी उतरतातच, हे डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. तेवढं समजावता येईल. तिनं लॅपटॉप मैत्रेयीच्या उशाशी नेला.

“ऊठ. तुझं दूध बघ.”

मैत्रेयीनं चादर खाली घेतली. बराच वेळ बघितलं. मग नारिंगी रेषेवर नख ठेवून ती वरपर्यंत गेली.

“हे आजचं?”

“आजचं. चार मिली. हा पितोय बघ, तुझ्यासारखाच हावरट.”

“मी कुठं हावरट आहे?”

“शेवपुरी आणली की कळतं सगळ्यांना.”

मैत्रेयी हसली नाही, पण उठली. ओट्याशी गेली, पंपाचे भाग उकळायला टाकले आणि स्टूल ओढून पातेल्याजवळ बसली.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. बरे होते हे नंतर कळलं. भारती कारखान्यात त्या ग्राफचा रंगीत प्रिंट काढायची, दोन-तीन दिवसांनी नवा, आणि मैत्रेयी तो फ्रिजवर लावायची. रंगीत प्रिंट दिसला की आरडाओरडा करणारे चंदूशेठ या प्रिंटपुढं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बच्चा पीता है, अदी. पीनेवाला बच्चा अच्छा.” बाटली आता अर्धी भरून जायची. पाच मिली झाले, सहा झाले.

मग मैत्रेयीचं बीपी उतरलं. रविवारी तिला घेऊन भारती आणि कमलेश हॉस्पिटलात निघाली. बिल्डिंगखाली बाकड्यावर पहिल्या मजल्याच्या कौसाबाई बसलेल्या. म्हणाल्या, “सव्वा महिना झाला नाही आणि बाळंतीण बाहेर? आमच्या वेळी उंबरा ओलांडायची सोय नव्हती हो.” भारती म्हणाली, “तुमच्या वेळी बाळ घरात असायचं, कौसाबाई,” आणि मैत्रेयीला धरून रिक्षात बसवलं.

सिस्टरनं मैत्रेयीला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. वर अंगभर डगला, टोपी, तोंडाला मास्क. पेटीच्या बाजूला गोल दार असतं, त्यातून एक हात आत. भारती काचेबाहेरून बघत होती. मैत्रेयीनं उजव्या हाताची तर्जनी पुढं केली, अगदी अलगद, दुधाची साय लागते का बघावी तशी. बाळाच्या मुठीत ते बोट मावत नव्हतं. तरी त्यानं धरलं. सिस्टर काहीतरी म्हणाली, बहुतेक आता पुरे म्हणाली असेल, पण मैत्रेयी हलली नाही.

“त्यानं धरलं, आई,” येताना ती रिक्षात म्हणाली. अंबरनाथ येईपर्यंत चारदा म्हणाली, आणि नंतर सांगायलाच नको.

रिक्षा वळण चुकून लांबच्या रस्त्यानं गेली हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. घरी आल्यावर मैत्रेयीनं ते बोट कशाला लावलं नाही. जेवायला बसली तर म्हणाली, “मला चमचा द्या.” वरणभात चमच्यानं खाल्ला, आणि बोट वेगळं, ताठ, कुणी अंगठी घातल्यासारखं. कमलेश चिडवायला लागला, तर भारतीनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

मग आठवडा उलटल्यावर हॉस्पिटलातून फोन आला. रक्तात इन्फेक्शन. दूध बंद ठेवलंय. कमलेशनं ते दिवस एक्सेलमध्ये भरलेच नाहीत. बाळाच्या पायाला बांधलेल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ मैत्रेयी’ असंच होतं, नाव ठेवायचं राहून गेलेलं. कमलेश आणि मैत्रेयीचा भाऊ त्याला घेऊन गेले. इवल्याशा पोराला माती देतात. ते परत आले तेव्हा कमलेशच्या पँटला गुडघ्यापाशी माती होती, आणि ती पँट पुढं कितीतरी दिवस कुणी धुवायला टाकली नाही.

दूध थांबायला वेळ लागला. गोळ्या दिल्या होत्या, छातीला ओढणी घट्ट बांधली होती, तरी झगा ओला व्हायचाच. मैत्रेयी बोलत नव्हती. फ्रिजवरचा कागद कमलेश काढायला गेला तर तिनं त्याचा हात धरला. काढू दिला नाही.

भारतीनं तिला रडू दिलं असतं, ओरडू दिलं असतं, पण ती तसलं काहीच करत नव्हती. भांडी घासायची, कपड्यांच्या घड्या घालायची. एका दुपारी ती भाताचं ताट घेऊन बसली आणि पुन्हा चमचा मागितला. भारतीनं दिला. मग तिचं लक्ष त्या बोटाकडे गेलं. उजवी तर्जनी लालभडक, साल निघालेली, पेरांवर बारीक चिरा.

“हे काय झालं गं बोटाला?”

“काही नाही.”

भारतीनं मोरीत जाऊन बघितलं. नळाच्या बाजूला डेटॉलची बाटली, तळाला आलेली. आणि लादी घासायचा ब्रश.

ती बाहेर आली तेव्हा मैत्रेयी ताट तसंच ठेवून फ्रिजसमोर उभी होती. “आई, इथं काय झालं?”

“कुठं?”

“इथं.” तिनं डाव्या हाताचं बोट ठेवलं. निळी रेष वरून खाली येत होती, नारिंगी खालून वर जात होती, आणि मध्ये एका जागी दोघी एकमेकींना कापून पुढं गेल्या होत्या. फुलीसारख्या. “इथपर्यंत तो वर होता. इथून खाली गेला. हा रविवार आहे, आई. मी हात लावला तो.”

भारती जवळ जाऊन कागदावर वाकली.

“कौसाबाई म्हणाल्याच होत्या,” मैत्रेयी म्हणाली. “मी बाहेरून आले. कसले कसले हात माझे.”

“डॉक्टर काय म्हणाले? कितीदा सांगितलं त्यांनी. ते इन्फेक्शन कितीतरी नंतरचं. रविवारच्या तपासण्या सगळ्या चांगल्या होत्या.”

“डॉक्टर काय, सगळ्यांना तेच सांगतात. हे तर समोर दिसतंय.”

डॉक्टरचं बोलणं कानावरून जातं. कागद समोर राहतो. आणि हा कागद भारतीनंच लावलेला. रेषा भेटल्या त्या बाळाच्या अंगात काही झालं म्हणून नव्हे. एक ग्रॅमची, एक मिलीची. दोन वेगळी मापं, भारतीनं एका चौकटीत बसवली, म्हणून त्या कुठंतरी एकमेकींना लागल्या. कॉम्प्युटरनं दहाऐवजी वीसपर्यंत पट्टी धरली असती तर दुसरीकडे लागल्या असत्या. त्या संध्याकाळी तिनं दूध तेवढं दिसावं एवढंच बघितलं होतं.

ती कपाटातून लॅपटॉप घेऊन आली. तो बंद करून ठेवल्यापासून कुणी उघडला नव्हता.

“मला नाही बघायचं,” मैत्रेयी म्हणाली.

“बस इथं. माझ्यासाठी बस.”

भारतीनं फाइल उघडली. ‘बाळ’ असं नाव दिलेली. ग्राफ आला. तिनं उजवीकडच्या पट्टीवर राइट क्लिक केलं, मॅक्झिममच्या चौकटीतला दहा पुसला आणि वीस घातला.

नारिंगी रेष खाली बसली. फुली सरकली.

“आता कुठं भेटतात?”

मैत्रेयीनं नाइलाजानं बघितलं. “...गुरुवारी.”

“आकडे मी बदलले का? इकडे बघ, रकान्यात. तेच आहेत ना? रविवारी सहा?”

“सहा.”

भारतीनं वीस पुसून आठ घातला. फुली डावीकडे पळाली. “आता?”

“शुक्रवारी. आधीच्या.” मैत्रेयी पुढं वाकली. “तेव्हा तर मी इथं होते. घरात.”

भारतीनं चाळीस घातला. नारिंगी खाली, निळी वर. फुलीच नाही.

मग तिचा आवाज चढला, बाळ गेल्यापासून पहिल्यांदा. “म्हणजे तुम्ही पट्टी तशी लावली, म्हणून? म्हणून ते तिथं आलं?”

“हो.”

“आणि मी रोज... रोज तिथं बघतेय!”

“हो गं. मी लावली. तुझं दूध दिसेना म्हणून लावली. असं काही होईल हे मला सुचलं नाही.”

मैत्रेयीनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. डाव्या हातानं, एकेक आकडा शोधत, तिनं पंधरा घातलं. मग तीस. मग पुन्हा दहा. फुली रविवारी येऊन बसली. मग बारा, आणि ती रविवारावरून निघून गेली. कमलेश कामावरून आला तेव्हाही तिचं तेच चाललेलं. तो दारातच थांबला. भारतीनं त्याला हातानं खूण केली, थांब.

“मग कुठल्या दिवशी?” मैत्रेयीनं विचारलं.

“कुठल्याच नाही. तो दिवस ह्यात नाहीच आहे. आपण नुसतं वजन आणि दूध भरलं होतं.”

“आणि रविवारी?”

“रविवारी त्यानं तुझं बोट धरलं. आणि सहा मिली दूध प्यायला. एवढंच झालं रविवारी.”

मैत्रेयीनं निळ्या रेषेवर नख ठेवलं. मग विचारलं, “ही निळी काढता येते?”

भारतीनं निळ्या रेषेवर क्लिक केलं आणि डिलीटचं बटण मैत्रेयीसाठी सोडलं. तिनं दाबलं. नारिंगी एकटीच उरली. एक, एक, दोन, तीन, चार, पुढं सहा, सात, नऊ. आणि तिथं संपली, पुढची चौकट रिकामी ठेवून.

कमलेश आत आला आणि तिच्या मागे उभा राहिला. मैत्रेयीच्या झग्यावर दोन्हीकडे ओले डाग आले होते. तिनं ओढणी पुढं घेतली नाही.

जुना कागद तिनंच फ्रिजवरून काढला. फाडला नाही. चार घड्या घालून डोहाळजेवणाच्या साडीच्या पिशवीत ठेवला; ती साडी एव्हाना फॉल लावून आली होती.

पानं वाढताना भारतीनं सवयीनं तिच्या ताटात चमचा ठेवला. मैत्रेयीनं तो उचलून बाजूला ठेवला आणि वरणभात हातानं कालवला, पाची बोटांनी. वरणातलं मीठ त्या चिरांना झोंबलं असणार. तिनं डोळे घट्ट मिटले, पण हात मागे घेतला नाही. चार घास खाल्ले आणि ताट सारलं. भारतीनं आणखी वाढलं नाही.